मागचा ब्रेक लागत नाही

ओरछा गेट, झाशी
१२ नोव्हेंबर

मकरंदभाऊजी,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही, म्हणून सरळ विषयावर येते. गणपतीत तुम्ही इथे आला होतात तेव्हा एक अख्खा दिवस जीप घेऊन कुठे गेला होतात आणि तिच्या मागच्या चाकांना काय करून आणलंत, ते मला लिहून कळवा.

परवा दतिया गेटपाशी मोठा अपघात होता होता राहिला. हे भाजी आणायला जीप घेऊन गेले होते. उतारावर पुढे एक अमरूदवाला पेरूंचा ठेला लावून उभा होता. ह्यांनी ब्रेक दाबला, पण जीप थांबलीच नाही. सरकत सरकत जाऊन ठेल्याला भिडली. अमरूद रस्ताभर पसरले, लोक जमले, कोणी तरी मोबाइल काढून शूटिंगही केलं. माणसाला लागलं नाही हे त्याचं नशीब आणि आपलंही. हे घरी आले तेव्हा चेहरा पांढराफटक होता. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "मागचे ब्रेक लागतच नाहीत. पुढचे एकटे काय करणार? मकरंदनं काही तरी करून ठेवलंय."

मी म्हटलं, असं काय बोलता, सख्खा भाऊ आहे. पण मग पोळ्या लाटता लाटता माझ्याच मनात एकेक गोष्ट जुळत गेली. ती जीप तुम्ही दोघांनी मिळून सरकारी लिलावात घेतलेली, माझ्या लग्नाच्याही आधी. साताऱ्याला गेल्यापासून तुम्ही ती मागत आहात, तिथल्या डोंगरांतून फिरवायला. हे देत नाहीत. विसर्जनाच्या दिवशी संध्याकाळी अंगणात तुमचं दोघांचं वाजलं, ते मी खिडकीतून ऐकलं आहे. "दादा, तू आता जीप चालवायची नाहीस," हे तुमचे शब्द. ह्यांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही न जेवता स्टेशनवर निघून गेलात. आता ज्याला जीप हवी आहे तोच म्हणतो तू चालवू नकोस, आणि तो गेल्यावर जीपचे ब्रेक जातात. तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता?

तुम्हीच केलंत असं मी म्हणत नाही. तुम्ही केलं नसेल तर कोणी केलं, एवढंच विचारते.

फोन करू नका. तुमचा नंबर ह्यांनी दोन्ही फोनवर ब्लॉक करून ठेवला आहे. रिटायर झाल्यापासून दिवसभर घरीच असतात, माझा फोन वाजला की कोण म्हणून आधी हेच बघतात. उत्तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर टाका. पाकिटावर तुमचं नाव नको.

सिंधू


२९ नोव्हेंबर

मकरंदभाऊजी,

पत्र मिळालं. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर घ्यावं लागलं. इंग्रजीच्या मेघना मॅडमनी कोणाचं म्हणून विचारलं, तर विम्याचं आहे असं सांगितलं. ह्या वयात मला खोटं बोलायला लावलंत.

तुम्ही लिहिता की त्या दिवशी तुम्ही जगन्नाथ मिस्त्रीकडे गेलात, मागच्या दोन्ही चाकांत नवे ब्रेक-शूज बसवून घेतलेत आणि बाकी कशालाही हात लावला नाहीत. ठीक आहे. पण मग गुपचूप का? भावाच्या गाडीत नवे शूज घालणारा माणूस घरी येऊन चारचौघांत सांगतो, त्यावर चहा पितो. तुम्ही गप्प बसलात. चांगलं काम लपवून करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

पुढची दोन पानं तुम्ही काय काय तपासायचं त्यानं भरली आहेत. मागचं चाक उचलून हातानं फिरवायचं, दुसऱ्यानं ब्रेक दाबला की ते जागच्या जागी अडकतं का बघायचं. ड्रम काढून आत तेल आलंय का बघायचं. शूज ड्रमच्या जवळ आणणारा दातेरी स्क्रू गंजून बसला असेल तर शूज ड्रमपर्यंत पोचत नाहीत आणि चाक धरलं जात नाही, तो सोडवायचा. पाइपात हवा असेल तर काढायची. आणि शेवटी हे: "हँडब्रेकची तार मागचे तेच शूज ओढते. पायाचा ब्रेक न लावता नुसता हँडब्रेक ओढून बघा. तोही लागला नाही तर दोष ड्रममध्ये. तो लागला तर दोष दुसरीकडे शोधायचा."

दुसरीकडे म्हणजे कुठे, ते मात्र लिहिलं नाहीत. मी ते वाक्य दोनदा वाचलं. तुमच्यासारखा बडबडा माणूस नेमका तिथेच का थांबला?

असो. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरनं सांगितलं अशी थाप मारून मी तुमची यादी ह्यांच्या कानावर घातली. रविवारी आम्ही दोघं जगन्नाथकडे गेलो. त्यानं डावा ड्रम ओढून काढला, तर आत सगळं तेल. एक्सलचं सील फाटून गिअरचं तेल आत उतरलं होतं. शूज काळे, हाताला बुळबुळीत. उजव्या बाजूचा स्क्रू गंजून घट्ट बसलेला. जगन्नाथ म्हणाला, "ऐसे में ब्रेक कहाँ से लगेगा, भाभीजी?"

ह्यांना जो आनंद झाला तो मी तुम्हाला कसा सांगू. तो तेलकट शू हातात धरून शेजारच्या दुकानदारांना दाखवत होते. घरी आल्यावर शेजारच्या नारायणरावांना हाक मारून कुंपणावरून सांगितलं, "बघा, मी म्हणत होतो की नाही, ब्रेकच खराब होता!" येताना मानिक चौकातून जिलबी आणली. रिटायर झाल्यापासून इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते. ज्या ब्रेकनं आपला जीव जाता जाता राहिला तो खरोखर खराब निघाला, ह्याचा कोणाला एवढा आनंद होतो?

आणि तुम्ही घातलेले नवे शूज इतक्यात तेलानं भिजलेले कसे? जगन्नाथ म्हणतो सील गेलं की असं होतं. पण जगन्नाथ तुमच्याच ओळखीचा.

दोन दिवसांत जगन्नाथनं सगळं बदललं. दोन्ही सीलं, शूज, चाकाचे सिलिंडर, गंजलेला स्क्रू. पाइपातली हवा काढली. मग स्वतः जीप रस्त्यावर नेली आणि जोरात ब्रेक मारला, तर मागच्या चाकांच्या दोन काळ्या रेघा उठल्या. मी उभी राहून पाहिल्या. मग हे बसले, नुक्कडपर्यंत जाऊन आले, आणि उतरून म्हणाले, "तसंच आहे. मागचा लागत नाही."

जगन्नाथनं ह्यांच्याकडे पाहिलं आणि हात पुसायला लागला. त्याच्या त्या पाहण्यात काही तरी होतं. मला ते आवडलं नाही.

सिंधू


१८ डिसेंबर

मकरंदभाऊजी,

ह्या वेळी मी तुम्हाला पकडलं आहे, म्हणून आधी तेच.

जगन्नाथवर ह्यांचा विश्वास उडाला. त्याच्याकडे पुन्हा जायचं नाही म्हणाले. जीप सिपरी बाजारात दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं पुन्हा ड्रम उघडले, पुन्हा चाकं फिरवली, काही सापडलं नाही. शेवटी मागचा रबरी पाइप आतून फुगला असेल म्हणून तोही बदलला. हे चालवून आले. तसंच आहे. त्या मिस्त्रीनं हात जोडले.

मग मी शाळेतून येताना एकटीच जगन्नाथकडे गेले. तो कोणाशी तरी फोनवर बोलत होता. मला बघताच "बाद में" म्हणून फोन ठेवला. मी फोनच मागितला. बिचाऱ्यानं दिला. वरच तुमचं नाव.

"क्या पूछते हैं मकरंद भैया तुमसे?"

"कुछ नहीं भाभीजी. यही कि गाड़ी ठीक है कि नहीं."

"और?"

तो जमिनीकडे बघत राहिला. "और यही कि बड़े भैया चला कैसे रहे हैं."

"चला कैसे रहे हैं, मतलब?"

"भाभीजी, गाड़ी में अब कुछ नहीं है. जिसको चाहो दिखा लो." एवढं म्हणून पाना घेऊन दुसऱ्या गाडीखाली शिरला.

म्हणजे साताऱ्यात बसून तुम्ही आमच्या घरावर पाळत ठेवता. मला पत्रात सील आणि स्क्रू शिकवता आणि पाठीमागे मिस्त्रीला फोन करून माझ्या नवऱ्याची चौकशी करता. मागच्या पत्रात तुम्ही तळाला लिहिलं होतं, "वहिनी, एकदा तुम्ही स्वतः चालवून बघा." तेव्हा मी ते सोडून दिलं होतं. आता वाटलं, ह्यातही काही डाव आहे का ते बघूच.

लग्नानंतर ह्यांनीच मला ह्या जीपवर चालवायला शिकवलं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. तन्वीच्या जन्मानंतर मी स्कूटीवर आले ती तिथेच राहिले. गेल्या शनिवारी हे बँकेत गेले असताना मी किल्ली घेतली. क्लच कमरेतून दाबावा लागतो, ते विसरले होते. ओरछा गेटच्या बाहेर रिकाम्या रस्त्यावर आणली, थोडा वेग घेतला आणि डोळे मिटल्यासारखं करून ब्रेकवर पाय दिला. जीप खिळल्यासारखी थांबली. माझं डोकं काचेवर आपटता आपटता वाचलं. पुन्हा केलं. पुन्हा थांबली. मग तुमचा हँडब्रेकही ओढून पाहिला. तोही लागला.

भाऊजी, ब्रेक चांगले आहेत. मग हे खोटं का बोलतात?

मी आता ह्यांच्यावर नजर ठेवायला लागले आहे. लिहिताना बरं वाटत नाही, पण दुसरं कोणाला सांगू? सकाळी मी देवपूजेला बसले की हे शेडमध्ये जातात आणि दार लोटून घेतात. परवा मी पूजा अर्धी सोडून फटीतून पाहिलं. इंजिन बंद. हे सीटवर बसलेले, दोन्ही हातांनी स्वतःचा उजवा गुडघा धरून पाय उचलत होते आणि ब्रेकवर ठेवत होते. उचलायचा, ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ब्रेकच्या पेडलवर तारेनं एक लाकडी ठोकळा बांधलेला. विचारलं तर अंगावर आले, "पेडल खाली जातं म्हणून उंची वाढवली. तुला काय कळतं त्यातलं?" सकाळचं फिरायला जाणं बंद केलंय. घरातसुद्धा पट्ट्याच्या सँडल घालून वावरतात, थंडी आहे म्हणतात.

मला वाटतं हेच त्या ब्रेकशी काही तरी करतात आणि नाव तुमचं घेतात. कशासाठी, ते मला समजत नाही. तुमच्याशी कायमचं तोडायचं आहे का? घराच्या वाटणीचं काही आहे का जे मला माहीत नाही? काल जेवताना मी मुद्दाम म्हटलं, "मकरंदभाऊजींना एकदा बोलावून घेऊ, तेच बघतील जीपला काय झालंय ते." हातातला घास ताटात ठेवून उठून गेले.

तुम्हाला काही तरी माहीत आहे. ते लिहा. आडून आडून पुरे झालं.

सिंधू


१७ जानेवारी

मकरंदभाऊजी,

मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. "दादालाच विचारा," एवढं एका कार्डावर लिहून पाठवलंत. आता उत्तर मला मिळालं आहे. कसं मिळालं ते ऐका.

संक्रांतीला तन्वी आली होती. ह्यांनी ठरवलं की सगळ्यांनी ओरछ्याला जायचं, जीपनंच. मी म्हटलं टॅक्सी करू. ह्यांनी ऐकलं नाही. "तुम्हाला दोघींना दाखवतोच मागचा ब्रेक कसा लागत नाही ते," म्हणाले. मला भीती वाटत होती, पण खरं सांगते, मला बघायचंही होतं. ह्यांचं खोटं उघडं पाडायचं म्हणून मी पुढे ह्यांच्या शेजारी बसले. तन्वी मागे.

गावातून देवदर्शन करून बेतवेच्या जुन्या पुलाकडे निघालो. तो पूल तुम्हाला ठाऊक आहे. एक गाडी जेमतेम जाते, आणि दोन्ही बाजूंना कठडा नाही. पुलावर फोटो काढणारी पोरंपोरी उभी होती, समोरून एक ट्रॅक्टर अर्ध्यात आला होता. आम्ही वरून उतारावर. हे म्हणाले, "थांबतो." मी ह्यांच्या पायाकडेच बघत होते. पाय ब्रेकवर गेला, ठोकळ्याच्या कडेला टेकला आणि तसाच पडून राहिला. जीप वेग घेत होती. हे ओरडले, "लागत नाही! सिंधू, लागत नाही!" आणि ह्यांचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. खरोखर दाबतोय असं त्यांना वाटत होतं.

तन्वी मागून किंचाळली. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. अंग मागे टाकून ओढला. मागची चाकं घासत गेली आणि जीप किंचित तिरकी होऊन थांबली. समोरच्या मुली पुलाच्या तोंडाशी होत्या, बाजूला उड्या मारून उभ्या राहिल्या. एकीची चप्पल आमच्या चाकापुढे पडली होती.

मग तन्वी मागून म्हणाली, "आई, ब्रेक तो लगा ना?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे समोर नदीकडे बघत होते. हँडब्रेक मागच्याच शूजना ओढतो हे ह्यांना शिकवायची गरज नाही, सगळी नोकरी इंजिनिअर म्हणून केली. उतरायला गेले तर उजवं पाऊल जमिनीवर ठरलं नाही, गुडघ्यातून वाकले. ट्रॅक्टरवाल्यानं आणि तन्वीनं धरून कडेच्या दगडावर बसवलं. तन्वीला मी चहा आणायला पाठवलं आणि शेजारी बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासून पाऊल बधिर आहे. दाबलं असं मला वाटतं, पण दाबलेलं नसतं."

"मला का सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? जीप बंद करशील, मग स्कूटरच्या मागे बसवून मला दवाखान्यांतून फिरवशील. आणि त्या ड्रममध्ये तेल निघालं तेव्हा मला वाटलं, देव पावला, पाय चांगला आहे, ब्रेकच खराब होता. दोन दिवस खरंच तसं वाटलं."

मग मी तुमचं विचारलं. मकरंदनं काही तरी केलं असं का सांगत होतात? ह्यांनी सँडलचा पट्टा सोडला, पुन्हा लावला. मग जे बोलले ते तसंच लिहिते.

"त्यानं पाहिलं होतं. गणपतीत रेल्वे फाटकापाशी माझा पाय पेडलवरून घसरला, गाडी फाटकाला टेकली. तो शेजारी होता. मी त्याला आईची शपथ घातली, सिंधूला सांगायचं नाही. तो गप्प बसेल की नाही ह्याची खात्री नव्हती. म्हणून आधीच त्याला खोटा पाडून ठेवला. मग त्यानं सांगितलं असतं तरी तू विश्वास ठेवला नसतास."

त्या दगडावर बसून मला कळलं की तुम्ही गणपतीत गुपचूप शूज का बदललेत. जगन्नाथनं काल कबूल केलं, तुम्ही मुद्दाम मऊ लाइनिंगचे मागितले होतेत, बड़े भैया का पाँव हल्का पड़ता है असं सांगून. म्हणजे तुम्हाला कळत होतं. सगळं कळत होतं.

भाऊजी, मी तुम्हाला चोर समजले, ती चूक माझी. पण तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही, उलट आता त्याला नीट जागा मिळाली आहे. मला दोन दोन पानं सीलं आणि स्क्रू लिहिण्याऐवजी एक ओळ लिहायची होतीत, दादाचा पाय बघा. शपथ पाळलीत. तुमच्या शपथेपायी आम्ही तिघं बेतवेत गेलो असतो, आणि ती चप्पल हरवलेली मुलगी आमच्याही आधी गेली असती.

आणि ह्यांचं काय बोलू? नवऱ्याचा आजार मी सहन करीन. पण रोज माझ्यासमोर जेवायला बसून सख्ख्या भावाचं नाव खराब करत होते आणि मनात खरं काय ते माहीत होतं, हे मला सहन होत नाही. आता हे "बरं वाटतंय" म्हणाले तरी मी पायाकडे बघते. अजून दोघांनी मिळून काय लपवलंय ते एकदाच सांगून टाका.

सिंधू


९ फेब्रुवारी

मकरंदभाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. आणखी काही लपवलेलं नाही असं लिहिता. मी विश्वास ठेवायचा प्रयत्न करते आहे. शपथ मोडायची हिंमत झाली नाही, वहिनींनी स्वतः चालवून पाहिलं की त्यांना आपोआप कळेल असं वाटलं, हेही वाचलं. मला कळायला तुमच्या हिशेबापेक्षा वेळ लागला. मी जीपकडे बघत होते, माणसाकडे नाही.

आम्ही ग्वाल्हेरला जाऊन आलो. एमआरआय झाला. कमरेच्या मणक्यात शीर दाबली गेली आहे, बरेच महिने. डॉक्टर म्हणाले लवकर यायला हवं होतं. ऑपरेशन केलं तर पुढचं नुकसान थांबेल. गेलेली ताकद किती परत येईल ते सांगता येत नाही, काही येईल, काही नाही येणार. गाडी चालवायची नाही हे मात्र त्यांनी ह्यांच्या तोंडावर सांगितलं. हे मान खाली घालून ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "ह्या डॉक्टरला कोणी फोन केला होता का आधी?" मी म्हटलं, नाही हो, पायानंच सांगितलं त्याला.

तन्वी रजा वाढवून राहिली आहे. जीपची किल्ली तिच्याकडे. आता ती चालवते आणि हे शेजारी बसतात, आणि प्रत्येक वळणावर स्वतःचा पाय जमिनीवर दाबतात. ती हसते. मला हसू येत नाही.

गेल्या आठवड्यात ह्यांनी कागद आणि पेन मागितलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. मला वाटलं वकिलाला लिहितात, घराचं काही तरी. तासाभरानं बाहेर येऊन बंद पाकीट माझ्या हातात दिलं, "शाळेत जाताना टाक." वर तुमचा पत्ता. म्हणजे मी शाळेतून तुम्हाला लिहीत होते हे ह्यांना कळलेलं होतं. कधीपासून, कोण जाणे.

पाकीट मी उघडलं. आता ह्या घरातून मी न वाचता काहीही बाहेर जाऊ देत नाही, हे ह्यांनाही सांगितलं आहे. वाचलं, आणि ह्याच पाकिटात घातलं. आता तुमचं तुम्ही ठरवा. मी यायला सांगणार नाही आणि येऊ नका असंही म्हणणार नाही.

तुमची वहिनी,
सिंधू


मकरंद,

सिंधू तुला पत्रं लिहिते हे मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं. शाळेतून आली की तिच्या बोटांना शाई असायची. मी काही बोललो नाही, कारण ती तुझ्यावर संशय घेते आहे हे माझ्या सोयीचं होतं.

तुला चोर ठरवलं ते रागानं नाही. विचार करून ठरवलं. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. रोज सकाळी ठरवायचो की आज तिला खरं सांगू, आणि जेवायला बसलो की तुझं नाव घ्यायचो. एकदा सुरू केल्यावर ते सोपं होत गेलं. इतकं सोपं होईल असं मला वाटलं नव्हतं.

शपथ मी परत घेतो. तू कोणालाही काहीही सांग. तन्वीला मी सांगितलं. नारायणरावांना सांगितलं, ते ऐकून चकित झाले नाहीत, मी पाय ओढत चालतो हे त्यांनी कुंपणावरून कधीच पाहिलं होतं. ज्यांच्यापासून मी लपवत होतो त्यांत न पाहिलेलं कोणीच नव्हतं बहुतेक. फक्त सिंधू, कारण मी तिला दुसरीकडे बघायला लावलं होतं.

ती माझ्याशी बोलते, पण मी काही म्हटलं की क्षणभर थांबते आणि मग उत्तर देते. ते थांबणं पूर्वी नव्हतं. ते आता राहील असं मला वाटतं. ते मी केलेलं आहे.

ऑपरेशन एकवीस तारखेला ग्वाल्हेरला आहे. डॉक्टर चांगला वाटला. तरी मला भीती वाटते. पायाची कमी, आत गेल्यावर बाहेर सिंधू आणि तन्वी दोघीच बसलेल्या असतील ह्याची जास्त. तू यावंस असं म्हणायचा हक्क मी ठेवलेला नाही. तरी म्हणतो. ये, आणि त्यांच्याजवळ बस. शुद्धीवर आलो की पहिल्यांदा तुझी माफी मागायची आहे, आणि ती फोनवर मागायची नाही.

दादा